पटावरचे प्रत्येक नाव : प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाची आठवण-वही



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. मागील अंकात पाचट न जाळता सरीत कसे दाबावे ते पाहिले. या वेळचा विषय वाचून ‘हे काय ऊस विकास खात्याचे काम?’ असे काहींना वाटेल. पण विषय नोंदीचा आहे, आणि नोंद हे आमचे रोजचेच काम आहे. लागण झाली की आमचा माणूस तुमच्या शिवारात येतो. गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख लिहून घेतो. को ८६०३२ आहे की फुले २६५, आडसाली आहे की सुरू, हे सारे वहीत चढते तेव्हा कुठे त्या उसाला तोडीचा क्रम मिळतो. नोंद नसलेला ऊस रानात उभा असतो, पण कागदावर नसतो. त्याच्या मालकाची ऐन हंगामात काय धावपळ होते, ते तुम्हांला सांगायला नको.

शाळेतल्या पोरांचेही असेच होते. हे मला समजले भाईंदरला.

भाईंदरची वही

माझी थोरली बहीण लग्नानंतर भाईंदरला राहायला गेली. मे २०२४ मध्ये हंगामाची कामे आवरल्यावर मी दोन दिवस तिच्याकडे गेलो होतो. एस. टी. ने बोरिवली आणि तिथून लोकलने भाईंदर. ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत त्यांना ही वाट पाठ आहे. ज्यांनी तो भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पश्चिम रेल्वेवर दहिसर सोडले की ठाणे जिल्हा लागतो. मग मीरा रोड, मग भाईंदर, आणि त्यापुढे खाडी. पूर्वी हा सारा भाग आगरी, कोळी आणि ख्रिस्ती वस्तीच्या गावांचा आणि मिठागरांचा. १९८५ साली तिथे मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. वीस वर्षांत ही भर पडली ती बाहेरून आलेल्या माणसांची. मुंबईत नोकरी आणि त्यातल्या त्यात परवडणारी खोली, या हिशेबाने जी माणसे तिकडे गेली त्यांत आपल्या ऊसपट्ट्यातलीही पुष्कळ आहेत.

माझी भाची तेव्हा नुकतीच चौथी पास झाली होती. तिच्या शाळेत प्राथमिक विभाग चौथीपर्यंत. पाचवीपासून इमारत वेगळी आणि तुकड्याही नव्याने पाडतात. म्हणून चार-पाच आयांनी मिळून मुलांसाठी एक आठवणींचे पुस्तक छापून घेतले होते. गुळगुळीत कागद, प्रत्येक मुलाला एक पान, वर फोटो, खाली आवडता रंग, आवडता पदार्थ, मोठेपणी कोण होणार, आणि शेवटी ‘मूळ गाव’. आक्काने ते कौतुकाने माझ्या हातात दिले. कौतुकाचे काम होतेच. घरची कामे आणि नोकऱ्या सांभाळून त्या बायांनी ते केले होते.

मी आपला सवयीप्रमाणे शेवटचा रकाना वाचत बसलो. कराड, वाळवा, पाटण, रत्नागिरी, जौनपूर. आणि भाईंदरचेच राई, मुर्धा. मुर्ध्याच्या मुलाने आपले आजोबा मिठागरावर कामाला होते असे लिहिले होते. एका पानावर तर आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका गावाचे नाव होते. पोरगा दुसरीपर्यंत आपल्या कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत होता आणि मग आईबापांबरोबर तिकडे गेला. आपल्या शाळेच्या पटावरून कमी झालेली मुले जातात कुठे, त्याचे उत्तर असे हातात आले.

भाची शेजारी बसून पाने उलटत होती. म्हणाली, “मामा, यात माझ्या बाकावरची नाहीच.”

विचारले तेव्हा कळले ते असे. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा बाप गवंडीकाम करणारा. जूनपासून जानेवारीपर्यंत ती मुलगी या वर्गात होती. इमारतीचे काम संपले, ठेकेदाराने माणसे दुसरीकडे हलवली आणि मुलगी गेली. पुस्तकासाठी फोटो काढले मार्चमध्ये. त्या दिवशी जी मुले हजर होती त्यांची पाने झाली. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, कुणाच्या ते लक्षातच आले नाही. भाचीने मात्र स्वतःच्या पानाच्या कडेला पेन्सिलने त्या मुलीचे नाव लिहून ठेवले होते. गुळगुळीत कागदावर पेन्सिल नीट उठत नाही, म्हणून दोनदा गिरवले होते.

शेऱ्याचा रकाना

परत आल्यावर ही गोष्ट डोक्यातून जाईना. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेलो. गुरुजींनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. आपल्यापैकी बहुतेकांचे नाव अशा एखाद्या रजिस्टरात आहेच. जन्मतारखेचा किंवा जातीचा पुरावा लागला की आपण त्याच्याच दाराशी जातो. नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा, असे रकाने असतात.

पूर्वी प्राथमिक शाळेचे शेवटचे वर्ष म्हणजे सातवी. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस शिक्षक होऊ शकत असे. आपल्यातले वडीलधारे अजून अभिमानाने ‘माझी फायनल झाली’ म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे धरले आहे. तरी पुष्कळ गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीलाच संपते. चौथीनंतर पोरे वेगवेगळ्या वाटांनी जातात. कोणी हायस्कुलात, कोणी आश्रमशाळेत, कोणी मामाच्या गावाला.

त्या रजिस्टरात गुरुजींनी मला शेऱ्याचा रकाना दाखवला. ‘इयत्ता चौथी उत्तीर्ण’, ‘पालकांच्या नोकरीनिमित्त’, ‘परगावी गेल्यामुळे’, आणि मधूनमधून ‘सतत गैरहजर’. हा शेवटचा शेरा कुणाचा असेल ते ओळखायला फार विचार लागत नाही. दसरा-दिवाळीला बीडकडून कोयते आपल्या तळावर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरे बरोबरच असतात. ती गावच्या शाळेत गैरहजर लागतात आणि इथल्या पटावर बहुधा नसतातच. त्यांच्यासाठी प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००० नंतरच्या दशकात ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि अशी मुले जवळच्या नेहमीच्या शाळेत वयाप्रमाणे दाखल करून घेण्याची रीत आली. गाव सोडताना मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचे, म्हणजे नव्या शाळेला त्याची इयत्ता कळते, अशीही सोय आहे. शिवाय मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आहेत. तरीही हंगामात तळावर गेलात तर कोप्यांपुढे धाकटे भावंड कडेवर घेतलेली शाळेच्या वयाची मुलगी दिसतेच.

गुरुजींना म्हटले, यंदा चौथीच्या मुलांची एक आठवण-वही करू. फक्त एक नियम ठेवू. निरोपाच्या दिवशी कोण हजर आहे ते बघायचे नाही, वर्षभरात पटावर ज्याचे नाव आले त्या प्रत्येकाचे पान करायचे. गुरुजी म्हणाले, “साहेब, खर्च नको आणि मुलांचा अभ्यास बुडायला नको. बाकी करा.”

हाताने लिहिण्याची जुनी रीत

हे काही नवीन नाही. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना (१९२४ ते १९३०) साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. आपल्या शाळांतून हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके कितीतरी वर्षे निघत आली आहेत.

परदेशातले एक उदाहरण तर आपल्या विषयाला अगदी लागू आहे. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची छोटी वस्ती आहे. तिथे लोरेन्झो मिलानी नावाच्या धर्मगुरूने शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या, शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या मुलांची शाळा चालवली. १९६७ साली त्यांतल्या आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला उद्देशून पत्राच्या रूपात एक पुस्तक लिहिले. त्याचे मराठी भाषांतरही झाले आहे. त्यांची लिहिण्याची पद्धत साधी होती. सुचेल ती गोष्ट एका चिठ्ठीवर लिहायची, मग सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून सारख्या विषयाच्या चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे आणि त्यांवरून मजकूर जुळवायचा. त्या मुलांनी आणखी एक काम केले. शाळेच्या वाटेवर किती मुले गळाली आणि ती कुणाची होती, याचा हिशेब मांडला. वर्गात बसलेली मुले सगळ्यांना दिसतात, पण गेलेली मोजायची तर कुणीतरी मुद्दाम बसावे लागते.

आमच्या शाळेत काय झाले

जूनमध्ये चौथीच्या पटावर १५ नावे होती. वर्गाच्या बाईंनी शनिवारचा शेवटचा तास वहीला दिला. दर शनिवारी एक प्रश्न, आणि प्रत्येकाची एक चिठ्ठी. आवडता रंग कुणालाच विचारला नाही. शाळेला येताना वाटेत काय काय लागते? घंटा कशाची आहे? खिचडी कोणत्या वारी चांगली लागते? बाकावर तुझ्याजवळ कोण बसते आणि तो काय बडबडतो? असे प्रश्न विचारले.

घंटेच्या चिठ्ठीतून एक शोधच लागला. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. तो आला कुठून, हे पोरांनी घरी विचारले. एका मुलाच्या पणजोबांनी सांगितले की कारखान्याची उभारणी चालली होती तेव्हा उरलेला तुकडा त्यांनीच बैलगाडीत घालून शाळेला आणून दिला होता. पणजोबा आपले जुने सभासद आहेत. ही गोष्ट आजवर ना कारखान्याच्या दप्तरी होती ना शाळेच्या.

मी माझ्या परीने प्लॉट मोजायचा टेप दिला. जूनमध्ये सगळ्यांची उंची भिंतीवर खडूने आणि वहीत पेनने लिहिली, आणि फेब्रुवारीत पुन्हा मोजायची असे ठरले.

नोव्हेंबरात टोळ्या आल्या. चौथीच्या वयाची सहा मुले तळावर होती. चौघांकडे हमी कार्ड होते, दोघांकडे नव्हते. बाईंनी सहाही जणांना पटावर घेतले. वर्ग २१ चा झाला. उंचीच्या तक्त्यात या सहा जणांचा जूनचा रकाना रिकामा होता. तिथे रेघ मारून मोकळे होता आले असते, पण बाईंनी त्यांच्या गावच्या शाळांना फोन लावले. दोघांच्या उंचीची नोंद तिथे मिळाली.

वहीला खरी चव या सहा जणांमुळे आली. वाढ्यांना पीळ देऊन उसाची मोळी कशी बांधायची, हे एका मुलाने चित्र काढून लिहिले. ज्यांच्या घरचा ऊस पिढ्यान् पिढ्या कारखान्याला जातो त्या आपल्या सभासदांच्या पोरांना ते येत नव्हते. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग त्याच्याकडून शिकला. एका मुलीने कोपीपासून शाळेपर्यंतची वाट काढली. त्यात काट्यापुढची ट्रॅक्टरची रांग होती, आणि कुठल्या दोन ट्रॉल्यांमधून पलीकडे जायचे तिथे बाण दाखवला होता. ते चित्र पाहिल्यावर गुरुजींनी आमच्या शेती विभागाला कळवले. मग शाळेच्या वेळी काट्यापाशी एक वॉचमन उभा राहू लागला.

माझी चूक

आता जे सांगतो ते माझ्या चुकीचे आहे.

जानेवारीत बाईंनी मला विचारले होते, “साहेब, टोळ्या कधीपर्यंत आहेत? म्हणजे त्या मुलांची पाने आधी पुरी करते.” मी म्हणालो, “मार्चअखेरपर्यंत आहेत, निवांत असा.”

वास्तविक माझ्याकडे अंदाज होता. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. उसाला तुरे आले होते, एकरी टनेज घसरले होते, आणि हंगाम लवकर आटोपणार हे माझ्याच तक्त्यात दिसत होते. राज्यात अनेक कारखान्यांचे पट्टे त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्येच पडले. हे मी संचालक मंडळापुढे मांडले, गट अधिकाऱ्यांना सांगितले आणि सभासदांना सांगितले. शाळेतल्या बाईंना सांगायचे मात्र सुचले नाही. त्यांनी तोंडाने विचारले, तरी मी सवयीने दरवर्षीची तारीख सांगून मोकळा झालो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पट्टा पडला. मुकादमाने रातोरात सामान भरले. सोमवारी शाळा भरली तेव्हा सहा जागा रिकाम्या होत्या. चौघांची पाने झाली होती. वाटेचे चित्र काढणारी मुलगी आणि मोळी बांधून दाखवणारा मुलगा, या दोघांच्या चिठ्ठ्या जमल्या होत्या, पण स्वतःचे पान लिहायचे राहिले होते. बाई एवढेच म्हणाल्या, “तुम्ही मार्चअखेर म्हणाला होता.” मला उत्तर देता आले नाही.

चिटबॉयच्या वहीतून मुकादमाचा नंबर काढला आणि त्याच्याकडून मुलीच्या बापाचा. तो म्हणाला, “सायेब, काय झालं? उचलीचं काय राहिलंय का?” कारखान्यातून फोन आला की त्याला हिशेबच आठवणार. पान लिहायचे आहे म्हटल्यावर तो हसला आणि पोरीला हाक मारली. ती सांगत गेली आणि बाई लिहीत गेल्या. तिच्या पानावर आहे ते असे :

“मला दोन शाळा आहेत. गावच्या शाळेत पहिला दिवस आणि शेवटचा दिवस असतो. कारखान्याच्या शाळेत मधले दिवस असतात. गॅदरिंग गावाला होतं तवा मी इथं असते. इथं गॅदरिंग होतं, पण नाच आधीच बसलेला असतो. इथल्या घंटेचा आवाज कोपीपर्यंत येतो. गावची घंटा पितळेची आहे, ती लांब जात नाही. माझी उंची दोन्ही शाळेत मोजली. मी साडेतीन सेंटिमीटर वाढले.”

सगळे सांगून झाल्यावर तिने बाईंना पान वाचून दाखवायला लावले, आणि ‘कारखान्याच्या शाळेत’च्या जागी शाळेचे पूर्ण नाव घालायला सांगितले. या अंकात ते नाव मी मुद्दाम दिलेले नाही, पण वहीत आहे.

मुलाच्या बापाचा फोन लागला नाही. त्याचे पान मग वर्गातल्या मुलांनी मिळून लिहिले आणि वर तसे लिहूनही ठेवले : ‘हे पान त्याच्या मित्रांनी लिहिले आहे.’ मोळीचे चित्र त्याच्या हातचे आहे. भाईंदरला गेलेला आपला पोरगा वर्गाच्या लक्षात होताच, पहिली-दुसरीत तो त्यांच्याबरोबर बसला होता. आक्कामार्फत त्याच्या घरी निरोप धाडला आणि त्याचे पान पोस्टाने आले. त्याने लिहिले होते की तिकडे शिक्षिकेला ‘टीचर’ म्हणतात आणि तो अजून चुकून ‘बाई’ म्हणतो.

वही एकच. तिच्या झेरॉक्स प्रती काढून प्रत्येक मुलाला एक दिली. बीडकडच्या मुलांच्या प्रती त्यांच्या गावच्या शाळांच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवल्या. मुलीच्या शाळेतून पोहोचल्याचा फोन आला. मोळी बांधणाऱ्या मुलाकडे हमी कार्ड नव्हते, त्यामुळे गावच्या शाळेचे नाव नक्की कळले नाही. पुढल्या हंगामात त्याची टोळी आपल्याकडे आली नाही. त्याची प्रत शाळेच्या कपाटात आहे.

वही करायची तर

ज्या गावांना हे करावेसे वाटेल त्यांच्यासाठी अनुभवावरून काही गोष्टी सांगतो.

१. सुरुवात जूनमध्ये करावी. निरोपाच्या आठवड्यात केलेल्या वहीत त्या आठवड्यात हजर असलेलेच राहतात. पहिल्या पानावर पट लिहावा आणि नवे नाव आले की त्यात वाढवावे. गेलेले नाव खोडू नये. समोर गेल्याची तारीख आणि गाव लिहावे.

२. जे मूल मधेच जाण्याची शक्यता आहे त्याचे पान आधी पुरे करावे. नंतर वेळ मिळाला तर त्यात भर घालता येते.

३. साधा जाड कागद आणि निळे किंवा काळे बॉलपेन वापरावे. जेल पेन पाण्याच्या थेंबाने पसरते, स्केचपेनचा रंग उडतो. पेन्सिलचे अक्षर मात्र वर्षानुवर्षे टिकते. चित्रे पेन्सिलने काढलेली उत्तम.

४. चिकटपट्टी वापरू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि सुटते. खळ करून चिकटवावे. पाने दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवावीत. घरात गोणपाट शिवणारे कोणी ना कोणी असतेच.

५. मोबाईलमधले फोटो म्हणजे नोंद नव्हे. मोबाईल बिघडला की ते गेले. वर्गाचा एक फोटो कागदावर काढून घ्यावा आणि खाली रांगेने नावे लिहावीत. नावे नसलेला फोटो वीस वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाही.

६. मुलाचे अक्षर आणि मुलाची भाषा तशीच ठेवावी. ‘तवा’ लिहिले असेल तर ‘तेव्हा’ करू नये. शुद्धलेखनासाठी वेगळी वही आहे.

७. पत्ता, फोन नंबर, आधार नंबर, परीक्षेचे गुण आणि घरची भांडणे यांतले काही वहीत घालू नये. आईबापांना विचारून मगच फोटो घ्यावा. वही वर्गाची आहे, तिची पाने व्हॉट्सअॅपवर फिरवू नयेत.

८. मूळ वही शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टरशेजारी ठेवावी. रजिस्टरात शेरा मिळेल आणि वहीत पोरगा मिळेल.

सभासदांना विनंती

आपल्यापैकी अनेकजण गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. त्यांनी येत्या जूनमध्ये हा विषय बैठकीत घ्यावा. ज्यांच्या शिवारात टोळी उतरते त्यांनी कोप्या पडल्या की शाळेच्या वयाची किती पोरे आहेत ते गुरुजींना कळवावे. हे काम दहा मिनिटांचे आहे. आणि टोळी हलायची असेल तर मुकादमाकडून तारीख काढून ती शाळेलाही सांगावी. कारखान्याच्या बाजूने मी एवढे मान्य करतो की दर हंगामात १५ जानेवारीच्या सुमारास पट्टा कधी पडेल याचा अंदाज जसा आपल्याला कळवला जातो, तसाच तो कार्यक्षेत्रातल्या शाळांना लेखी कळवला जाईल. गेल्या हंगामापासून तसे पत्र जाऊ लागले आहे.

ज्यांची नातवंडे मीरा रोड, भाईंदर, नवी मुंबई किंवा पुण्याला आहेत, त्यांनी आपल्या गावच्या शाळेला त्यांचे नाव-गाव कळवावे. तिकडून पोस्टाने एक पान येईल. त्यासाठी फार तर एक पाकीट लागेल.

शेवटी भाचीचे सांगतो. सुट्टीत मी तिला म्हटले, तुझ्या बाकावरचीचे पान तूच का लिहीत नाहीस? तिने चौकटीच्या वहीचा कागद फाडला आणि लिहिले. ती मुलगी बांधकाम चाललेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहत होती, तिच्या घराला अजून भिंती नव्हत्या, आणि तिथून खाडी आणि लोकल दोन्ही दिसत असत, असे त्या पानावर आहे. वर्गात हे फक्त भाचीला माहीत होते. आक्काने गव्हाच्या पिठाची खळ करून दिली आणि ते पान त्या गुळगुळीत पुस्तकात भाचीच्या पानासमोर चिकटवले आहे.

मोळी बांधणाऱ्या मुलाची टोळी सध्या कुठल्या कारखान्याकडे आहे हे आपल्यापैकी कुणाला मुकादमाकडून कळले, तर कृपया ऊस विकास विभागात किंवा आपल्या गट कार्यालयात सांगावे. वहीची प्रत तयार आहे.

पुढील अंकात सुरू लागणीच्या बेणेप्रक्रियेविषयी पाहू.

— ऊस विकास अधिकारी